विजापूर की बीदर?

यंदा दिवाळीच्या सुटीवरून आमच्या घरात दोन पक्ष पडले. धाकट्याला विजापूरला जायचे होते, कारण त्याच्या वर्गातल्या एकाने गोल घुमटात स्वतःचे नाव सात वेळा ऐकले होते. नववीतल्या लेकीला बीदरला जायचे होते आणि कारण विचारले की ती गप्प बसत होती. मुलांचे अब्बू कागद-पेन घेऊन बसले. "सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर, बीदर दोनशे. हिशेब सोपा आहे," ते म्हणाले. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, तसबीह ओढत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "जिथं जिना कमी, तिथं मला न्या. नाहीतर मी घरीच बरी."

आम्ही बार्शीचे. वर्षातून एकच सहल करण्याइतके पैसे बाजूला पडतात आणि दुकान चार दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही. दोन्ही शहरे एका फेरीत उरकायची म्हटली तर निम्मा वेळ गाडीतच जातो. म्हणजे एक निवडायचे आणि दुसरे सोडायचे. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर, सांगलीकडच्या बऱ्याच घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतो, म्हणून आम्ही काय विचार केला ते सविस्तर लिहिते आहे.

विजापूरमध्ये काय आहे

आता या शहराचे सरकारी नाव विजयपूर आहे. रेल्वेचे तिकीट काढताना विजयपुरा या नावाने शोधावे लागते. 1490 पासून 1686 पर्यंत इथे आदिलशाही होती. त्या दोनशे वर्षांत एवढे बांधकाम झाले की आजही रिक्षातून जाताना दोन्ही बाजूंना घुमट आणि कमानी दिसत राहतात.

गोल घुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर. तो 1656 मध्ये वारला. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर आहे आणि एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी भिंतींतून वर चढत जातात आणि सगळा भार त्या पेलतात. चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत. त्यांच्यातल्या अरुंद, उंच पायऱ्या चढून गेले की घुमटाच्या आतल्या सज्जात पोहोचतो. तिथे एका बाजूला पुटपुटलेले दुसऱ्या बाजूच्या माणसाला स्पष्ट ऐकू येते. अर्थात, लोक पुटपुटत नाहीत, ओरडतात. शांतपणे अनुभवायचे असेल तर सकाळी दार उघडताच जावे. शाळांच्या सहली आल्या की कानात बोटे घालायची वेळ येते.

मला विचाराल तर विजापूरची खरी शोभा इब्राहीम रौजा आहे. दुसरा इब्राहीम आदिलशहा आणि त्याची बेगम ताज सुलताना यांची ही कबर. मलिक संदल नावाच्या माणसाने ती उभी केली. एका चौथऱ्यावर एकीकडे मकबरा, समोर मशीद, मध्ये हौद. मकबऱ्याच्या काही खिडक्यांना साधी जाळी नाही; अरबी अक्षरेच दगडात आरपार कोरून त्यांची जाळी केली आहे, आणि उजेड त्या अक्षरांतून आत येतो. हा इब्राहीम दख्खनीत गाणी रचणारा राजा होता. किताब-ए-नौरस हा त्याचाच गीतसंग्रह.

जामा मशिदीचे काम 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने सुरू केले. फरशीवर नमाज्यांसाठी दोन हजारांहून अधिक चौकटी आखलेल्या आहेत. मेहराबीवरचे सोनेरी काम पाहिले की मान आपोआप वर जाते. इथे आजही नमाज होते, त्यामुळे पाहायला जाताना जमातीची वेळ टाळावी.

मुलांना आवडणारी आणखी एक वस्तू म्हणजे मलिक-ए-मैदान तोफ. ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला आहे. आणि बारा कमान चुकवू नये. दुसऱ्या अली आदिलशहाला बापापेक्षा मोठा मकबरा हवा होता. 1672 मध्ये तो वारला आणि काम तिथेच थांबले. आज नुसत्या काळ्या कमानी उभ्या आहेत, वर छत नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे गेले होते तेव्हा अम्मा माझ्याशेजारी उभ्या होत्या. "एवढा मोठा बादशहा, पण छताइतकंही आयुष्य नव्हतं हातात," असे त्या म्हणाल्याचे मला अजून आठवते.

बीदरमध्ये काय आहे

बीदर विजापूरपेक्षा शांत आणि पर्यटकांची वर्दळ कमी असलेले गाव आहे. लाल जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले, त्यामुळे हवा जरा थंड. बहामनी सुलतानांची राजधानी आधी गुलबर्ग्याला होती. अहमदशहा वली या सुलतानाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बीदरला आणली.

किल्ला प्रचंड आहे. खडकात खोदलेला तिहेरी खंदक, आत सोळा खांबांची मशीद, तख्त महाल, आणि रंगीन महालातले शिंपल्याचे जडावकाम. काळ्या दगडात बसवलेले ते शिंपले अजून चकाकतात. रंगीन महालाला कुलूप असेल तर किल्ल्यातल्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारावे. विचारल्याशिवाय परत फिरू नये.

गावापासून तीनेक किलोमीटरवर अष्टूर येथे बहामनी सुलतानांच्या कबरी एका ओळीत आहेत. अहमदशहा वलीच्या मकबऱ्यात आतून सोनेरी आणि रंगीत लेखन-नक्षी आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते, मग एकेक ओळ दिसू लागते. या सुलतानाचा उरूस हिजरी तारखेने होत नाही, तर हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर होतो. त्यात मुसलमानांइतकेच हिंदू येतात आणि काही लिंगायत भाविक त्यांना अल्लमप्रभू मानतात. शेजारीच हुमायून बहामनीच्या मकबऱ्याचा अर्धा घुमट वीज पडून कोसळलेला आहे. कापलेल्या कलिंगडासारखा तो उभा आहे, त्यामुळे घुमट आतून कसा बांधतात हे मुलांना तिथे समजते. हा सुलतान इतिहासात 'जालीम' म्हणून ओळखला जातो. विजापूरच्या बारा कमानीसारखाच हाही एक धडा आहे.

बीदरची आठवण म्हणून घरी न्यावी अशी वस्तू म्हणजे बिदरी. जस्त आणि थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. मोरचुदाने ते तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी कोरतात, खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात, आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून चोळतात. धातू कायमचा काळा होतो आणि चांदी पांढरी राहते. ही माती दुसरीकडची चालत नाही असे कारागीर सांगतात. 2006 पासून बिदरीला भौगोलिक मानांकन आहे. कारागिराच्या दुकानात बसून काम पाहा आणि एक छोटी डबी तरी घ्या. त्याच्या दिवसभराच्या ठोकाठोकीचा विचार करा आणि फार घासाघीस करू नका.

लेक गप्प का होती

निर्णयाच्या आदल्या रात्री लेकीने मला स्वयंपाकघरात गाठले. वर्गात इतिहासाचा धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने तिला विचारले होते, "तुमच्या लोकांनी सगळं पाडलंच ना गं? बांधलं काय?" लेकीला उत्तर सुचले नाही. "गोल घुमट" असे ती म्हणाली असती, पण तिला वाटले, ती तर एका राजाची कबर. राजाने स्वतःसाठी बांधली, त्यात काय सांगायचे? मग शाळेच्या वाचनालयात एका पुस्तकात तिला महमूद गवान याच्या मदरशाबद्दल चार ओळी सापडल्या. तेव्हापासून बीदर तिच्या मनात होते.

मी तिला जवळ घेतले आणि तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ज्या मुलीने हे विचारले ती वाईट नाही. घरी, मोबाइलवर जे ऐकले ते ती बोलली. दुसरी गोष्ट थोडी अवघड होती. "हे सुलतान आपले कोणी लागत नाहीत गं. तुझ्या दादीकडचे मोमीन, मागावर बसणारे. माझ्या माहेरचे बागवान. त्या घुमटाखाली दगड वाहणारे, चुना मळणारे आपले पूर्वज असतील, आणि त्यांच्या शेजारी दगड वाहणारे तिच्या मैत्रिणींचेही असतील. राजांनी बांधलं तेही खरं आणि राजांनी पाडलं तेही खरं. आपण दोन्ही पाहायचं."

ती म्हणाली, "मग बीदरच बघू."

तरीही मी लगेच होय म्हटले नाही. एका मुलीच्या मनासाठी अम्मांच्या गुडघ्यांना त्रास आणि धाकट्याचा हिरमोड, हे योग्य आहे का? म्हणून आम्ही हिशेब मांडला.

कोणासाठी कोणते शहर

लहान मुले असतील तर विजापूर. प्रतिध्वनी, तोफ, उपळी बुरुजावरच्या लांब तोफा, सगळे हाताशी, आणि सगळे एकमेकांपासून थोड्या अंतरावर. एका दिवसात मुख्य इमारती बघून होतात, दोन दिवसांत निवांतपणे. सोलापूरहून एसटी आणि रेल्वे दोन्ही मिळतात.

वयस्कर माणसे असतील तर उत्तर सरळ नाही. गोल घुमटाचा सज्जा त्यांना जमणार नाही, पण खालचे दालन, इब्राहीम रौजा आणि जामा मशीद थोड्या पायऱ्यांत होतात. बीदरमध्ये मदरसा गावातच आहे, अष्टूरला वाहन जवळपर्यंत जाते, पण किल्ल्यात चालणे फार आहे. किल्ल्यात म्हाताऱ्या माणसांना दारापासच्या महालांपाशी बसवून बाकीच्यांनी पुढे जावे.

मोठी, प्रश्न विचारणारी मुले असतील तर बीदर. तिथे गर्दी नाही, घाई नाही, आणि एका दगडासमोर अर्धा तास उभे राहिले तरी कोणी ढकलत नाही.

पैशांच्या बाबतीत विजापूर स्वस्त पडते, ते अंतरामुळे. बीदरला जाताना मात्र वाटेत नळदुर्ग लागतो. तिथला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्याच काळातला, 1613 चा. धरणाच्या भिंतीच्या पोटात खोल्या आहेत. म्हणजे बीदरला जाणाऱ्याला वाटेत आदिलशाहीचीही एक झलक मिळते. लातूर, उदगीरकडच्या लोकांना तर बीदर फारच जवळ आहे.

दोन्हीकडे लागू पडणाऱ्या काही गोष्टी. पुरातत्त्व खात्याची संग्रहालये शुक्रवारी बंद असतात, तेव्हा जुम्याचा दिवस प्रवासाला ठेवा. कबरी असलेल्या ठिकाणी मुलांना आधीच समजावून न्या. चौथऱ्यावर चढून फोटो काढायचे नाहीत, भिंतीवर नाव कोरायचे नाही. विजापूरच्या आसार महालात आतल्या भागात स्त्रियांना जाऊ देत नाहीत, हे माहीत असले म्हणजे दारात वाद होत नाही. स्त्रियांना नमाजासाठी वेगळी जागा मिळेलच असे धरू नका. जानमाज आणि पाण्याची बाटली पिशवीत असू द्या.

आणि कसर विसरू नका. हनफी मतानुसार साधारण 78 किलोमीटरच्या पुढे, पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाच्या इराद्याने निघालेला माणूस मुसाफिर ठरतो. जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात, फजर आणि मगरिब तशाच राहतात. कोकणातल्या आपल्या शाफई बहीण-भावांना प्रवासात दोन नमाजा एकत्र करण्याचीही मुभा आहे. घरात कोणाला शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

शेवटी कुठे गेलो

आम्ही बीदरला गेलो. ठरवले ते धाकट्याने. बहिणीची गोष्ट त्याने दाराआडून ऐकली होती. "गोल घुमट कुठं पळून जातोय," तो म्हणाला. त्याच्या या वाक्यावर त्याच्या अब्बूंनी कागद-पेन बाजूला ठेवले.

मदरशासमोर आम्ही सकाळीच पोहोचलो. महमूद गवान इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्याने ही तीन मजली इमारत उभी केली. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, उस्तादांची राहण्याची सोय, शिकवण्याची दालने, मशीद, आणि तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय. एक मिनार अजून उभा आहे. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या फरशांचे तुकडे आहेत. काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी नुसती माती. अम्मांना आम्ही बाहेर सावलीला बसवले. तिथून त्यांना पूर्ण मिनार दिसत होता.

"उरलेली निम्मी इमारत कुठं गेली?" लेकीने विचारले.

तिच्या अब्बूंनी वाचून ठेवले होते, त्यांनी सांगितले. गवानच्या वाढत्या वजनाचा मत्सर करणाऱ्या सरदारांनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले. सुलतानाने चौकशी न करता 1481 मध्ये त्या म्हाताऱ्या वजिराचा शिरच्छेद केला. पुढच्याच वर्षी सुलतानही गेला आणि काही वर्षांत राज्याचे पाच तुकडे झाले. गवानच्या आश्रयाने मोठा झालेला यूसुफ आदिलखान विजापुरात स्वतंत्र झाला, आणि तिथून आदिलशाही सुरू झाली. पुढे मोगलांनी बीदर घेतले. मदरशात दारूचा साठा ठेवला गेला, आणि 1696 च्या सुमारास झालेल्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग उडाला.

लेक बराच वेळ त्या पडक्या बाजूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अम्मी, किताबं ठेवली तेपण आपलेच, आणि तिथंच बारूद ठेवली तेपण आपलेच."

मला वाटले ती नाराज झाली. तिला वर्गात जाऊन ठासून सांगायला काहीतरी हवे होते आणि हाती आली ही अर्धवट इमारत. पण ती वहीत मिनाराचे चित्र काढू लागली. धाकटा शेजारी बसून फरशांचे रंग मोजत होता. निघताना अम्मांनी विचारले, "मिळालं का गं तुला जे पाहिजे होतं ते?"

"हो दादी," ती म्हणाली. "आता ती परत म्हणाली तर मी तिला विचारणार, तू चलतेस का बघायला?"

सुटीनंतर तिने ते खरेच विचारले. मैत्रीण आली नाही, पण वहीतले चित्र मागून घेऊन गेली आणि दोन दिवसांनी परत केले. एवढेच झाले. मला ते पुरेसे वाटले.

तेव्हा विजापूर की बीदर, याचे उत्तर किलोमीटरमध्ये शोधू नका. सोबत कोण येणार आहे, त्यांचे पाय किती चालतात, आणि त्यांच्या मनात कोणता प्रश्न आहे, हे आधी विचारा. जमिनीवर फिरून आपल्याआधीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्याची ताकीद कुरआनात ठिकठिकाणी आहे. ती दोन्ही शहरांत पाळता येते.

धाकट्याला गोल घुमटाचे वचन दिले आहे. पुढच्या सुटीत, इन्शाअल्लाह. अम्मांनीही येण्याचे कबूल केले आहे. घुमट चढायला नाही, तर बारा कमानीत बसायला.